गालिचा उलटा करणारं गिऱ्हाईक

दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. कापड फाडलं की खाली चिंध्या पडतात, तसे ते पडत राहतात. रोज झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा दोन-चार असतातच. आमचं बारामतीत पडदे, गाद्या आणि सोफ्याच्या कापडांचं दुकान आहे, स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. पण खरं सांगायचं तर पडद्यांचे किस्से होत नाहीत. लोक येतात, माप देतात, "शनिवारच्या आत पाहिजे" म्हणतात आणि जातात. किस्से सुरू झाले ते आमचे सुहासराव दिल्लीहून तुर्कमेन गालिचे घेऊन आले तेव्हापासून.

एकोणीस गालिचे! सगळे लाल. कुठला विटकरी, कुठला डाळिंबी, पण लालच. व्यापाऱ्यानं "ठेवून बघा, नाही खपले तर परत पाठवा" म्हणून दिलेले. मी एक नजर टाकली आणि म्हटलं, "अहो, सगळे एकसारखेच आहेत की!" त्यावर नवरा दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला.

तिसऱ्या दिवशी मला शिकवणी सुरू झाली. तुर्कमेन बायका हे गालिचे घरी मागावर बसून करतात. लोकरीची एकेक गाठ हातानं मारायची, एका गालिच्याला महिनेच्या महिने जातात. आणि गालिचा पारखायचा तो पुढून नाही, मागून. मागं नक्षी पुढच्याइतकीच स्वच्छ दिसली, गाठ न् गाठ मोजता आली, तर तो हाताचा. मागं गोंद आणि जाळी दिसली तर तो मशिनचा. "पुढून सगळेच छान असतात गं," सुहासराव म्हणाले, "पाठ बघणारा खरा!"

मी म्हटलं ठीक आहे. गाद्यांना जागा पुरत नव्हती आणि दुकानाचा सगळ्यात चांगला कोपरा ह्या गालिच्यांनी अडवलेला. "असं करू," मी म्हटलं, "कुणी न सांगता गालिचा उलटा करून त्यातलं काम बघणारं एक तरी गिऱ्हाईक मला दाखवा. दसऱ्यापर्यंत मुदत. दिसलं तर कोपरा कायमचा तुमचा. नाही तर गालिचे दिल्लीला आणि तिथं गाद्या."

"मंजूर!"

"आणि गिऱ्हाईक म्हणजे ज्याच्या नावानं बिल फाटलं ते. चहाला येणारे मित्र नाहीत."

सुहासरावांचा चेहरा जरा उतरला. पण माणूस हौशी. "अख्ख्या तालुक्यात एक माणूस मिळणार नाही होय?" म्हणाले आणि गालिचे झटकायला लागले.

*

पहिल्याच आठवड्यात जळोचीहून एक इंजिनिअर आले. नवीन बंगला, हॉलसाठी काहीतरी 'क्लासी' पाहिजे होतं. गालिच्याभोवती एक चक्कर मारली, खाली बसले आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी कोपरा उचलून गालिचा उलटा केला!

सुहासरावांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, झालं, गाद्या गेल्या.

इंजिनिअरसाहेबांनी मागं सगळीकडं हात फिरवला. हा कोपरा, तो कोपरा. मग मान वर करून विचारलं, "ह्याला एमआरपीचा स्टिकर कुठंय?"

*

गालिच्यांवर अष्टकोनी फुलं असतात, त्याला गुल म्हणतात. सुहासरावांचा हा आवडता विषय. इंदापूरच्या एका वकीलसाहेबांना ते रंगात येऊन सांगत होते, "पूर्वी कसं होतं, प्रत्येक टोळीचा गुल वेगळा. गुल बघून टोळी ओळखायची. ह्यांचा त्यांच्यात चालत नसे."

वकीलसाहेब बारामती-इंदापूर दोन्ही कोर्टांत जमिनीच्या केसेस चालवतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे प्रत्येक भावकीचं फूल वेगळं."

"अगदी बरोबर!"

"मग वाटण्या झाल्यावर फूल कुणाकडं जातं?"



*

एक डॉक्टर जोडपं आलं. गालिचा जमिनीवर पसरलेला. बाईसाहेब ह्या टोकाला, डॉक्टर त्या टोकाला.

"छान आहे, पण फार गडद," बाई म्हणाल्या.

"गडद? अगं, चांगला उजळ आहे की!"

"तुम्हाला रंगातलं काय कळतं?"

"मला? रोज लोकांच्या जिभेचा रंग बघतो मी!"

आवाज वाढायला लागले. शेवटी सुहासरावांनी दोघांना जागा बदलायला लावली. आता बाईंना उजळ दिसायला लागला आणि डॉक्टरांना गडद! लोकरीचे केस एका बाजूला झुकलेले असतात, त्यामुळं एका टोकाकडून बघितलं तर रंग गडद दिसतो, दुसऱ्याकडून उजळ. दोघांनाही हे फार आवडलं. हसले, गालिचा बांधून घेतला, गेले. उलटा कुणीच केला नाही, पण निदान भांडण मिटलं म्हणून आम्ही चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन. डॉक्टरांचा आवाज तापलेला.

"काल उजळ दाखवलात आणि पॅक करताना गडद दिलात! शिकलेल्या माणसाला फसवता काय?"

*

आता हा किस्सा सांगताना सुहासराव खोलीत नाहीत ना, एवढं बघावं लागतं.

इंदापूरच्या एका घरात गालिचा गेला होता. घरची सून हौशी, नीटनेटकी. महिन्यानं गालिचा रिक्षात घालून परत आली. "दादा, कडा उसवतायत. ह्याला गॅरंटी असंल ना?"

सुहासरावांनी गालिचा उलगडला आणि मट्कन खुर्चीत बसले. गालिच्याच्या दोन्ही टोकांना दोऱ्यांची झालर असते. ती वरून लावलेली नसते. गालिच्याच्या अंगातले जे उभे धागे, ज्यांवर सगळ्या गाठी बसलेल्या, त्यांचीच ती शेंडी. आणि ती झालर जागेवर नव्हती! कात्रीनं सरळ रेषेत उडवलेली.

"ताई, इथली झालर...?"

"दोरे लोंबत व्हते ओ दादा. बरं दिसंना. मग आमच्या टेलरकडनं पिको करून घेतला. बघा की, मॅचिंग लाल दोरा लावलाय!"

त्या दिवशी नवऱ्यानं डबा उघडला नाही. मला वाईट वाटलं, हसूही येत होतं, दोन्ही एकदम. गालिचा दुरुस्तीला पाठवला. ताईंना फक्त एवढंच विचारलं की कापताना मागची बाजू बघितली होती का.

"मागं काय बघायचं? मागं कोण बघतंय?"

*

काटेवाडीचे तात्या भाजीपाला पिकवतात. वांगी, मिरची, दोडका. मुलानं नवीन घर बांधलं म्हणून तात्या आणि काकू दोघं सोफ्याचं कापड बघायला आले, आणि तात्या गालिच्यापाशी थबकले. त्या गालिच्याच्या मध्यात एक पट्टा होता, बाकीच्यापेक्षा फिकट.

"डाग हाय," काकू म्हणाल्या. "चला."

"थांब गं. डाग न्हाय ह्यो." तात्या खाली बसले. "काय ओ सुहासराव, हितं रंग का बदललाय?"

सुहासरावांचा आवाजच बदलला. लोकर घरच्या भांड्यात रंगवतात, एक भांडं संपलं की दुसरं चढवतात, दुसऱ्याचा रंग पहिल्यासारखा तंतोतंत येत नाही. मशिनच्या गालिच्यात असा पट्टा आपोआप येत नाही.

"म्हंजी आमच्या वांग्यागत! पयल्या तोड्याचा रंग दुसऱ्या तोड्याला येत न्हाय. एकसारखी दिसली की समजायचं, काय तरी गडबड हाय." तात्यांनी पट्ट्यावरनं हात फिरवला. "खरा माल हाय ह्यो. बांधा."

सुहासराव तात्यांच्या मागं उभे राहून मला हातवारे करत होते. उलटा नाही केला, पण कळलं तर सगळं! मी मान हलवली. अट ती अट.

तीन महिन्यांनी तात्या पुन्हा दुकानात आले. सुहासरावांनी पहिलं विचारलं, "गालिचा कसा आहे?"

"एक नंबर! नवाच्या नवा हाय. घरात कुणाची टाप न्हाय त्याच्यावर पाय ठिवायची. आमी समदी भितीकडनं चालतो."

*

मुदत संपत आली तशी सुहासरावांची नियत फिरली. त्यांचा एक मित्र आहे इंदापूरचा, बाळू. ट्रान्सपोर्टचं काम करतो, गणपतीत नाटकात कामं करतो. एका सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून, डोळ्यांना गॉगल लावून दुकानात शिरला आणि मला म्हणाला, "मॅडम, मी पुण्याहून आलोय."

"या की," मी म्हटलं. ह्याच्या लग्नात मी आहेर घेऊन गेले होते!

बाळूनं सगळीकडं ऐटीत नजर फिरवली. एका गालिच्यापाशी गेला, खाली वाकला आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "मी गालिचा नेहमी उलटा करून पाहतो!" आणि केला. मग छताकडं बघत पाठ केलेलं म्हणायला लागला, "वाह! काय ही गाठ! प्रत्येक गाठ मोजता येते! हे यंत्राचं काम नोहे!"

सुहासरावांनी कपाळावर हात मारला. शेजारी फरक दाखवायला ठेवलेल्या मशिनच्या गालिच्यांची थप्पी होती, बाळूनं त्यातला उलटा केला होता. मागं पांढरा गोंद आणि प्लास्टिकची जाळी.

"बाळूभाऊ," मी म्हटलं, "गॉगल काढा आणि चहा घ्या."

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी सुहासरावांनी गालिचे गुंडाळायला घेतले. दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता. गाद्यांची ऑर्डर मी देऊन टाकली होती. नवरा प्रत्येक गालिचा गुंडाळायच्या आधी त्यावरनं एकदा हात फिरवायचा, मग दोरी बांधायचा. मला काय, जिंकल्याचा आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही.

तेवढ्यात एक वयस्कर बाई दारात आल्या. पाणी मागितलं. बारामतीत डोळे तपासायला आल्या होत्या, इंदापूरच्या बसला अजून वेळ होता, ऊन मरणाचं. मी त्यांना आत घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. तिथं शेवटचा एक गालिचा पसरलेला होता.

पाणी प्यायल्या. पर्समधून चष्मा काढून लावला. गालिच्याकडं बघितलं. मग खुर्चीवरून सावकाश उतरून खाली बसल्या आणि त्यांनी गालिच्याचा कोपरा उचलून मागं दुमडला.

सुहासरावांच्या हातातली दोरी तशीच राहिली. ते तोंड उघडणार एवढ्यात मी बोट ओठांवर ठेवलं.

बाई अंगठ्याच्या नखानं गाठींच्या ओळी चाचपत पुढं सरकत होत्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, "किती जणींनी केलाय हो हा?"

"म... म्हणजे?" सुहासरावांनी विचारलं.

"दोघी आहेत. इकडची घट्ट ओढते, तिकडची सैल हाताची. आणि इथं बघा, इथं तिसरी बसवलीय." त्यांनी चष्मा सारखा केला. "शिकाऊ आहे. चार ओळी वाकड्या गेल्यात. पण तिला उसवायला लावलं नाही. चांगलं केलं. उसवायला लावलं की मुली पुन्हा सुई हातात धरत नाहीत."

"बाई, तुम्ही...?" मी विचारलं.

"इंदापूरला शाळेत शिवण शिकवायची. जन्म गेला त्यात. पुढून सगळ्यांचंच छान असतं, कुणी आईकडून करून आणतं, कुणी ताईकडून. मी पाठ बघितल्याशिवाय कधी मार्क दिले नाहीत."

सुहासराव तिथंच फरशीवर मांडी घालून बसले. डोळे भरून आले होते त्यांचे, मोठा माणूस, मला तर बघवेना. मग त्यांनी एकेक दोरी सोडायला सुरुवात केली. बाईंनी सहा गालिचे उलटे करून बघितले. एकाला नऊ मार्क दिले, एकाला पाच. त्या पाचवाल्यावर सुहासरावांनी वादसुद्धा घातला! इतक्या महिन्यांत इतकं खूश मी त्यांना बघितलं नव्हतं.

"बाई, ह्यातला तुम्हाला कुठला आवडला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मला?" बाई हसल्या. "अहो, मला काय करायचाय? दोन खोल्या माझ्या, एकटी राहते. ह्याच्यावर कॉट ठेवू का काय?" त्यांनी घड्याळ बघितलं. "चला, बस लागली असेल. पाण्याबद्दल थँक्यू हं."

सुहासरावांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. अट दोघांनाही पाठ होती, ज्याच्या नावानं बिल फाटलं तेच गिऱ्हाईक. त्यांनी अटीत सूट मागितली नाही, खाली मान घालून नऊ मार्कांचा गालिचा पुन्हा गुंडाळायला लागले.

बाई दारात जाऊन चपला घालत होत्या.

मी बिलबुक उचललं आणि काउंटरवरूनच हाक मारली, "अहो बाई, थांबा जरा! तुमच्या दारात पायपुसणं आहे का हो?"