फवारलेल्या रानातला तांदुळजा

चौथीनंतर माझं लिहिणं सुटलं. पण ही गोष्ट तोंडानं सांगणं मला जमलं नाही, म्हणून लिहिते.

मागच्या पावसाळ्यात माझी थोरली नणंद नांदेडहून आमच्या गावी महिनाभर राहायला आली. तिचं पोटाचं दुखणं जुनं. तिथल्या वैद्यांनी परहेज सांगितलं होतं. शिळं नको, आंबट-तिखट नको, फवारणीचं तर काहीच नको. त्याच दिवशी तोडलेलं, त्याच दिवशी शिजवलेलं खायचं. पालेभाज्यांत फक्त तांदुळजा चालेल. बिनफवारणीचा तांदुळजा शहरात कुठून आणू, असं ती फोनवर म्हणाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ये की मग हिकडं. आमी तर पायाखाली तुडवून राहिलो."

तिचं रांधणं माझ्याकडं आलं. चारचौघांत मला बोलता येत नाही, पण हाताला चव आहे असं घरात म्हणतात. मुगाचं वरण, तव्यावरची गरम भाकरी आणि तुपात जिरं टाकून तांदुळजा. आठ दिवसांत तिच्या तोंडावर तेज आलं. "वैद्याच्या पुड्यांपेक्षा तुझी भाजी बरी गं," असं ती म्हणायची आणि मी मान खाली घालून हसायचे. मला फार बरं वाटायचं.

तांदुळजा सोयाबीनच्या तासांत आपोआप उगवतो. खुरपताना बायका खुडून ओटीत आणतात. त्या दिवशी विहिरीकडचा संपला, म्हणून मी खालच्या पट्टीत गेले. बांधावर फवारणीचा पंप धुऊन पालथा घातलेला दिसला. वीस पावलांवर लिंबाखाली भाया दोरी वळत बसले होते. भाया म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या घरात सुना भायाशी बोलत नाहीत. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी त्यांच्याशी समोरून एक शब्द बोलले नव्हते. काही विचारायचं असलं तर जाऊबाईंच्या तोंडून. त्या लोहा गावी आठवडी बाजाराला गेल्या होत्या.

फवारलं का, एवढंच विचारायचं होतं. मी पदर पुढं ओढला, पाठ फिरवली आणि शेजारच्या कापसावर मारलं असेल असं मनाला सांगून खुडायला लागले. पाला हिरवागार होता. तणनाशक मारल्यावर पहिले दोन-तीन दिवस पाल्यावर काही दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून खुडलं.

"आजची लई कवळी हाय," म्हणत नणंदेनं दोनदा वाढून घेतली.

दिवस मावळायच्या आत तिला उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस पोट धरून पडली होती. तिसऱ्या दिवशी उठून बसली तेव्हा सासूबाईंनी तिला धारेवर धरलं.

"दुकानातलं फरसाण खाल्लं असशील."

"न्हाई माय, कसम."

"पोट खोटं बोलत न्हाई. लहानपणी बी गूळ चोरून खायचीस आन तोंड पुसून बसायचीस."

जाऊबाई हसल्या. "आक्का, खाल्लं असलं तर सांगा की, आमी काय वैद्याला चुगली करनार हाव का?"

नणंदही आधी हसली. मग पदरानं डोळे पुसायला लागली. पन्नाशी उलटलेली बाई, आईपुढं चोरटी ठरली. मी चुलीपुढं भाकरी उलटत होते. ती करपली, तेव्हा दुसरी थापायला घेतली.

दुपारी खालच्या पट्टीत जाऊन पाहिलं. उरलेल्या तांदुळजाचे शेंडे पिवळे पडून वाकले होते. मी बांधावर बसले. उलट्या त्यानंच झाल्या का, मला सांगता येणार नाही. पण फरसाण नव्हतं, आणि भाजी फवारलेल्या रानातली होती, हे जाणणारी घरात मी एकटी होते.

महिना भरायच्या आधीच ती परत निघाली. फाट्यावर एसटीची वाट बघताना माझा हात धरून म्हणाली, "तू जीव लावून करून घातलंस. माझंच नशीब खोटं." मी पिशवीचे बंद नीट करत राहिले.

यंदा तिचा यायचा निरोप आला. त्याच दिवशी रानात मी भायांपुढं जाऊन उभी राहिले. "फवारणी कुठवर झाली?" आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी पुन्हा विचारायला लावलं. मग दुसरीकडं बघत म्हणाले, "खालच्या बांधापातूर. इहिरीकडचं कोरं हाय. तिकडचंच खुडत जा." एवढंच. रागावले नाहीत, हसले नाहीत. त्या उत्तरानं मला आणखीच लाज वाटली.

नणंद आली. ताट वाढलं. विहिरीकडचाच तांदुळजा होता. पण घास घ्यायच्या आधी ती सासूबाईंकडं बघून लहान मुलीसारखी म्हणाली, "माय, औंदा बाहेरचं काई खानार न्हाई. तुझी कसम."

सासूबाई म्हणाल्या, "बघू."

मी भाजीचं भांडं हातात धरून तिथंच उभी होते. आता सांगावं असं ओठांवर आलं. तिनं वाटी पुढं केली आणि मी भाजी वाढली.