पाठींचा आडोसा

गोलकीपर खांबावर आदळून पडला आणि हललाच नाही. भरलेलं मैदान माना उंचावून बघू लागलं. डॉक्टर त्याच्या छातीवर दाब देत होते. आमच्या शहराच्या या पगारी फुटबॉल संघाचा कॅप्टन एरवी सतत ओरडणारा. त्याने नुसत्या हातानेच सगळ्यांना बोलावलं. पडलेल्याभोवती त्यांनी कडं केलं, पाठ त्याच्याकडे आणि तोंडं आम्हा बघणाऱ्यांकडे. सगळ्यांत जास्त गोल मारणारा, केस रंगवून मिरवणारा फॉरवर्ड उघड रडत होता, पण जागचा हलला नाही.

"हे त्याच्याकडे बघत का नाहीत रे?" मी माझ्या मुलाला, दिलीपला विचारलं.

"आई, गप बस की जरा! लोकांनी बघू नये म्हणून उभे आहेत."

हे या पोरांना कुणी शिकवलं असेल? मला वाटायचं, ही रीत फक्त आम्हा बायकांची. भांगलताना शेतातच मला कळा सुरू झाल्या, तेव्हा सगळ्या जणी अशाच माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या होत्या. बाळ निळं पडलेलं. सुईण त्याला उलटं धरून थापट्या मारत होती, तरी एकही मागे वळली नाही.

गोलकीपर जगला. ते बाळही जगलं; माझ्या शेजारी बसून मला गप बस म्हणत होतं.