मंजिरीचा पहिला शब्द

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढेसुद्धा नाही – तिथेही दिवा लावून मी दुसरंच काहीतरी पुटपुटत आले. आज तुम्हाला सांगते आहे. मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

डोंबिवलीत मी पहिलीच्या वर्गाची बाई होते. साठ पोरं नुसत्या नजरेनं गप्प बसवते, अशी माझी ख्याती. आणि माझी स्वतःची पोर? मंजिरी चौऱ्याऐंशी सालची. तान्हेपणी इतकी गुणी की शेजारणी हेवा करायच्या – रडणं नाही, कडेवर घ्या म्हणून हट्ट नाही. एकटी पडून पंख्याकडे बघत राहायची. मिरवलं हो मी ते! उचलून घेतलं की अंग लाकडासारखं ताठ करायची, ते मात्र कुणापाशी बोलले नाही.

बोरन्हाणाला सगळं उघडं पडलं. डोक्यावर चुरमुरे-बोरं पडली आणि तिनं जी किंकाळी फोडली, ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही. अंगावरचे हलव्याचे दागिने ओरबाडून काढले. नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, "आई दिवसभर नोकरीवर, मग पोर अशीच व्हायची." ते मला लागलं. अजून लागतं.

मी तिची एक वही ठेवली होती – मास्तरकीची खोड, दुसरं काय! कधी बसली, कधी चालली, हाक मारली तर वळून बघत नाही – सगळं खरं लिहायचे. 'आई' कधी म्हणाली, ती जागा रिकामीच होती. तीन वर्षं उलटली, आणि एका दुपारी तिनं वर बोट केलं. म्हणाली, "पंखा." पहिला शब्द! मी हसले, रडले, मजल्यावर घरोघरी पेढे दिले. कशाचे, ते सांगितलं नाही.

पुढे ती माझ्याच शाळेत पहिलीला आली. एका जागी दोन मिनिटं बसायची नाही, वर्गातून उठून पळायची, घंटा झाली की कान दाबून बाकाखाली शिरायची. शेवटी ठाण्याला, कोपरीतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, लहानपणचं काही लिहून ठेवलंय का? पुढच्या खेपेला घेऊन या.

आणि मी – कसं सांगू – मी नवी वही विकत आणली. रविवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. दोन पेनं घेतली, एक निळं, एक काळं. वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसावं म्हणून. अकराव्या महिन्यात 'आई' म्हणाली. सगळ्यांकडे झेपावते. बोरन्हाणात खुदूखुदू हसली. एका पानावर हळदीचं बोटसुद्धा लावलं. खरी वही बंबात घातली. तो 'पंखा' तिच्याबरोबर जळाला.

डॉक्टरांनी वाचलं. सगळं वेळेवर झालंय म्हणाले, म्हणजे मुळात काही नाही, पोर हट्टी आहे, शिस्त लावा. मी लावली. फूटपट्टीनं लावली. हनुवटी धरून – माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ म्हणतेय ना! – आठ वर्षं. मला लाज वाटत होती, नणंदेच्या तोंडाची भीती होती, सगळं कबूल. पण पट्टी कुणाच्या हातात होती?

आज तिच्या त्या वागण्याला नावं आहेत – ऑटिझम, एडीएचडी. त्या डॉक्टरांनाही ती ठाऊक असतील. मी त्यांना ओळखूच दिलं नाही.

ती चौदा वर्षांची असताना दिवाळीच्या साफसफाईत ती वही तिच्या हाती लागली. खाली बसून तिनं ती दोनदा वाचली. मग स्वयंपाकघरात आली आणि माझ्या खांद्यापलीकडे बघत म्हणाली, "आई, मी आधी चांगली होते. मग बिघडले कधी?"

माझ्या हातात चकल्यांचा सोऱ्या होता. एक वाक्य पुरलं असतं ना तेव्हा? एकच. मी म्हटलं, "तुझं तुला माहीत."

तिला ते खरं वाटलं. तिला सगळ्यांचं सगळंच खरं वाटतं. काही महिन्यांनी मी ती वही उघडली, तर मागची कोरी पानं भरलेली. तिच्या अक्षरात, एकाखाली एक – आत्याच्या साडीवर पाणी सांडलं, तेव्हा? घंटेला घाबरले, तेव्हा? आईची पट्टी लपवली, तेव्हा? अशी सात पानं. मी वही होती तिथे ठेवून दिली.

आता ती चाळिशीची आहे. वही अजून तिच्या कपाटात असते. अधूनमधून काढते, अकराव्या महिन्याच्या त्या ओळीवर बोट ठेवून वाचते, आणि आईनं किती मन लावून लिहिलंय म्हणते.

तिचा पहिला शब्द 'पंखा' होता. तिला ते माहीत नाही.