ती गाडी नक्की कुणाची होती, मंदार?

मंदार गेला, आणि त्याला ती गाडी आवडतच नव्हती.

दोन्ही बातम्या दहा-अकरा दिवसांत कळल्या. पहिली अजून पटत नाहीये. दुसरीनं डोकं आउट झालंय.

मंदारला ओळखणारे म्हणतील, काहीतरीच काय! ज्या माणसाच्या प्रोफाइलवर स्वतःचं तोंड नाही, ती लाल इटालियन मोटरसायकल आहे, त्याला ती आवडत नव्हती?

तेच तर.

ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

मी अमरावतीचा. इंजिनिअरिंगला पुण्यात आलो, होस्टेलवर राहिलो. मंदार नारायण पेठेतला, माझ्याच बाकावर बसणारा. देशात उदारीकरण नुकतंच सुरू झालेलं, रोज नवीन गाड्यांच्या जाहिराती. आणि आम्ही दोघांनी मिळून घेतली सगळ्यात जुनी गाडी. कोरेगाव पार्कात राहणारा एक इटालियन मायदेशी निघाला होता, त्याची.

कागद मंदारच्या नावावर, कारण पुण्यात पत्ता त्याचा होता. गाडी एक आठवडा त्याच्याकडे, एक आठवडा माझ्याकडे.

गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. सवय नसलेला ब्रेक दाबायला जायचा आणि गिअर पडायचा. त्यामुळे तिसऱ्या कुणाला द्यायची सोयच नव्हती.

आणि आवाज!

आधी आजोबा सकाळी घसा साफ करतात तसं खाकरायची. मग धडधड धडधड. रस्ता मोकळा मिळाला की जी काय तार लागायची, पोटात गुदगुल्या व्हायच्या राव.

शेजारचे काका गॅलरीतून विचारायचे, "अहो, गावाला निघालात का? नाही, अख्ख्या पेठेला कळवून निघालात, म्हणून विचारलं."

मंदार म्हणायचा, "हो काका. डबा देताय का?"

पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये गेलो, मंदार हडपसरच्या एका कारखान्यात. कंपनीनं मला अमेरिकेला पाठवलं.

निघताना विचारलं, "गाडीचं काय?"

म्हणाला, "राहील."

बस. या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं. आयुष्यभरात.

मग रविवार सुरू झाले. पुण्यात रविवारची सकाळ झाली की मी फोन करायचो. मंदार म्हणायचा, "थांब." खाली पार्किंगमध्ये जायचा, किक मारायचा आणि फोन सायलेन्सरजवळ धरायचा. आधी कॉर्डलेस, मग मोबाइल, मग व्हिडिओ कॉल.

मी म्हणायचो, "वा!"

मग बाकीचं बोलायचो. त्याचा फ्लॅट, माझी मुलगी, दोघांचं बीपी.

सुरुवातीला डोळ्यांत पाणी यायचं माझ्या, खोटं नाही सांगत. नंतर नंतर... फोनवर कसली तार आणि कसलं काय, मिक्सर लावल्यासारखं वाटायचं. पण माणूस एवढ्या हौसेनं ऐकवून राहिला, त्याला कसं म्हणणार, राहू दे रे आज? त्याचा जीव होता त्या गाडीत. ऐकलं तर आपलं काय जातं?

मग त्याला अटॅक आला. मिळेल ते विमान धरून आलो.

काल दहावा झाला. घरी आल्यावर त्याची बायको वृषाली म्हणाली, "पंकज, ती गाडी आता घेऊन जा बाबा. तुझी आहे."

"माझी? अगं, मंदारची आहे. केवढा जीव होता त्याचा."

ती माझ्याकडे बघतच राहिली.

"त्याचा? अरे, त्याला तो आवाज सहन व्हायचा नाही. डोकं धरून वर यायचा. सोसायटीची बोलणी खायचा ती वेगळीच. किका मारून मारून गुडघा गेला. किती वेळा म्हटलं, विकून टाक. म्हणायचा, पंक्याची आहे. तिकडे एकटा पडलाय, तेवढा आवाज ऐकला की बरं वाटतं त्याला."

मी म्हटलं, "वृषाली, मी त्याच्यासाठी ऐकत होतो गं."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हसली, तो गेल्यापासून पहिल्यांदाच. मग रडायला लागली. "काय माणसं आहात रे तुम्ही," म्हणाली.

काय माणसं आहोत, मलाही कळेनासं झालंय.

त्याला कॉलेजात तरी आवडायची का ती गाडी? की तेव्हाही माझ्याचसाठी? मला तरी नक्की कधीपर्यंत आवडत होती? त्यानं प्रोफाइलला तिचा फोटो लावला तोही मला बरं वाटावं म्हणून? आणि तो बघून मी म्हणत होतो, बघा, किती प्रेम आहे याचं.

येडे होतो का आपण? विचारायचं कुणाला? ज्याला विचारावं तोच नाही.

आज सकाळी पार्किंगमध्ये गेलो. कव्हर काढलं. गाडी स्वच्छ पुसलेली होती. बऱ्याच किका मारल्या, तेव्हा कुठे सुरू झाली.

लोक गॅलरीत आले. कुणी काही बोललं नाही.

मी मागे, सायलेन्सरजवळ जाऊन उभा राहिलो. तो उभा राहायचा तिथे. कानठळ्या बसतात तिथे. डोकं भणभणतं. धुरानं डोळे चुरचुरतात. मी तिथे याआधी कधी उभाच राहिलो नव्हतो. मी एक तर गाडीवर असायचो, नाहीतर अमेरिकेत.

त्याच्याइतका वेळ नाही थांबू शकलो. बंद केली.

वृषालीला म्हटलं, गाडी इथेच राहू दे. ती बरं म्हणाली. कुणाची ते तिनंही विचारलं नाही.

मंदार, 'भावपूर्ण श्रद्धांजली' वगैरे लिहिलेलं तुला आवडलं नसतं, असं मी कालपर्यंत छातीठोक सांगितलं असतं. पण तुला काय आवडायचं याची आता मला काहीच खात्री राहिलेली नाही.

म्हणून लिहूनच टाकतो.

भावपूर्ण श्रद्धांजली, मित्रा.