रिजायनात काम होतं

कॅनडात, ब्रॅम्पटनला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा नवरा डिझाइनचं काम करायचा. आमचे शेजारी, मूळचे वसईचे, तिथेच मशीनवर होते. दोघं एकाच गाडीतून जायचे. कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशी दुपारीच परतले आणि ड्राइव्हवेत गाडी उभी करून आतच बसून राहिले. बाहेर जावं की नाही, मला कळेना.

मंदीच्या त्या हिवाळ्यात आमच्या भागात घराआड एक माणूस घरी बसला होता. नवऱ्याने जिकडेतिकडे अप्लाय केलं. उत्तर आलं ते पार पश्चिमेकडच्या रिजायनाहून, शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीकडून. "सोमवारपासून येता का?" एवढंच विचारलं त्यांनी.

तो एकटाच पुढे गेला. शाळेच्या मार्च ब्रेकच्या सुट्टीत मी मुलीला घेऊन गेले. दुकानांच्या दारांवर, पेट्रोल पंपावर, जिथे बघावं तिथे 'माणसं पाहिजेत'च्या पाट्या. काम होतं, पण राहायला जागा मिळत नव्हती. नवरा एका म्हाताऱ्या बाईंच्या बेसमेंटमध्ये राहत होता. खिडकी बर्फाने बुजलेली.

"डॅड, आर वी मूव्हिंग हिअर?" मुलीने विचारलं.

तो हसला, पण माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं.

उन्हाळ्यात एक घर मिळालं आणि आम्ही निघालो. सामान भरताना शेजारीण म्हणाली, "वहिनी, तिकडे ह्यांच्यासाठी काही असलं तर सांगा हं."

होतंच. नवऱ्याने शब्द टाकला आणि शेजारचे भाऊजी आले. एकटेच, कारण त्यांचे वडील आजारी होते आणि त्यांना एवढ्या लांब हलवणं शक्य नव्हतं. आमच्याच बेसमेंटमध्ये राहिले. दिवसभर राबायचे, संध्याकाळी मुलीला गणित शिकवायचे, रविवारी पायी चर्चला जायचे. जेवताना एकदा म्हणाले, "इथे सगळं बरं चाललंय, वहिनी. त्याचाच त्रास होतो."

जानेवारीत सकाळी फोन आला. वडील गेले होते. बाहेर पुढचं घर दिसू नये असं वादळ. विमानं बंद. भाऊजी बॅग घेऊन दाराशी बसले. नवरा पुन्हापुन्हा ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होता, जणू तेवढ्याने विमान उडणार होतं. मी चहा नेला. त्यांनी तो घेतला नाही.

वादळ निवळलं तेव्हा ते ब्रॅम्पटनला गेले, पण मातीला वेळेत पोचले नाहीत. रिजायनाला परत आलेच नाहीत. ब्रॅम्पटनच्या एका वेअरहाऊसमध्ये मिळेल ते काम धरलं. कंपनी नवऱ्याला विचारत राहिली, "तुमचा मित्र कधी येतोय?"

मी शेजारणीला दोनतीनदा फोन केला. ती नीट बोलायची, मुलीची चौकशी करायची. स्वतःहून फोन मात्र तिने पुन्हा कधी केला नाही. आमचं इथे चांगलं चाललं. नवऱ्याला बढती मिळाली, मलाही बँकेत काम मिळालं. ती बातमी तिला सांगायची मला हिंमत झाली नाही.