मोळावर एक मूठ

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर एक प्लेट गिरमिट खाल्लं. शनिवार होता. कानडी मुलखातल्या आमच्या शहरात, लॅमिंग्टन रोडवर, माझ्या बायकोचं, इंदूचं, फुलांचं दुकान. दुकान म्हणजे शाळेच्या भिंतीला लागून एक फळी, दोन टोपल्या आणि वर एक छत्री. पाच वाजता तिने टोपलीवर ओलं फडकं टाकलं आणि म्हणाली, "चला फिटर, आज शनिवार."

मी कारखान्यात फिटर होतो. लग्न झाल्यापासून तिने मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

चुरमुऱ्यात कांदा, चिंचेचं पाणी आणि वर शेव घालून देतात ते गिरमिट. शनिवारी एकच प्लेट घ्यायची आणि दोघांनी खायची, असा आमचा रिवाज. सोबतच्या तळलेल्या मिरच्या दोन्ही तिच्या, कारण मला जळजळ होते. प्लेटच्या मध्ये चमच्याने रेघ मारून ती वाटणी करायची.

"तुमच्या बाजूला शेव जास्त आली."

"मग घे की इकडची."

"नको. एकदा वाटलं ते वाटलं."

मग रायापूरला घरी यायला बस. खिडकीची जागा तिची. फळी माझ्या मांडीवर. घरी आल्यावर तिने उद्याच्या मोगऱ्याच्या गुंडाळीवर पाणी मारलं, केळीच्या पानात बांधून मोरीजवळ गारव्याला ठेवली, आणि साडेसातला तिच्या छातीत कळ आली. रिक्षात घालून नेलं. पोचेपर्यंत संपलं होतं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. माणसाला मरायला काही अक्कल लागत नाही. ती जगली कशी, ते सांगायचंय.

इंदू बुटकी होती. माझ्या खांद्याच्याही खाली. आमच्याकडे फुलं मोळावर विकतात. मोळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. विकणाऱ्या बाईचा हात हेच माप. बाजारातल्या इतर बायकांचा हात अठरा इंच भरायचा. इंदूचा पंधरा. मी फिटर माणूस, पट्टी लावून मोजलेला आहे. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, देवाने दिलाय तो हात, घ्यायचं तर घ्या. इंदू कोपरापासून बोटापर्यंत माळ धरायची आणि पुढे एक मूठ सोडून मग कापायची. एक मोळ, वर एक मूठ. म्हणजे अठराच्या जरा पुढेच.

मी सुरुवातीला म्हणायचो, "तू काय दानधर्माला बसलीस?"

"हात माझा आखूड आहे. त्याचा दंड गिऱ्हाईकाने का भरायचा?"

पण खरं कारण वेगळं होतं, ते मला पुढे कळलं. आम्ही बौद्ध. ही फुलं लोक देवाला नेतात. दुकान मांडून महिना झाला नव्हता, तेव्हा एक रेशमी साडीतली बाई समोर उभी राहिली. दोन मोळ मागितले. इंदू मोजत असताना बाईने कानडीत विचारलं, "तुम्ही कुठली मंदी?" मंदी म्हणजे माणसं, जात विचारायची ही आमच्याकडची गोड रीत.

इंदू मान वर न करता म्हणाली, "फुलवाली मंदी, अव्वा. मोळ नीट बघून घ्या."

बाईला जे कळायचं ते कळलं. फुलं न घेता गेली. रात्रीच्या जेवणाला इंदू मला म्हणाली, "आपल्या मापाकडे लोक दोनदा बघणार. मग दुसऱ्यांदा बघितल्यावर जास्तच दिसलं पाहिजे. म्हणून मूठ."

तीच बाई दिवाळीत परत आली. सगळीकडची फुलं संपली होती. इंदूने तिला चार मोळ दिले, चारही मुठी सोडून. मी त्या दिवशी सुट्टीवर होतो, बाजूला बसलो होतो. बाई गेल्यावर म्हटलं, "हिलापण मूठ?"

"हिला तर आधी."

माळेचा पहिला तुकडा मात्र ती रोज स्वतःसाठी कापायची. दुकान मांडलं की आधी स्वतःच्या केसांत माळायचं, मग विक्री. पाऊस असो, गिऱ्हाईक नसो, घरात डाळ नसो, हे चुकलं नाही. मी एकदा हिशोब सांगायला लागलो की वर्षाला एवढ्या माळा म्हणजे किती पैसे. तिने हात वर केला. "फिटर, दिवसभर दुसऱ्यांच्या बायका सजवते मी. तुमची बायको काय बोडकी बसेल?" पण त्या तुकड्याला ती मूठ घालायची नाही. नुसता मोळ, पंधरा इंच. विचारलं तर म्हणायची, "मालकिणीला मूठ नसते."

पैशाची काळजी आमच्या घरात पाहुण्यासारखी नव्हती, भाडेकरूसारखी होती. तिच्यासाठी इंदूने वेळ ठरवली होती. संध्याकाळची भांडी घासताना काय ती काळजी करायची. भाडं, मुलीची फी, माझ्या आईची औषधं, सगळं भांड्यांबरोबर. "शेवटचं पातेलं पालथं घातलं की बास," असं म्हणायची, आणि खरंच बास करायची. मग अंगणात बसून गाणं म्हणायची. आवाज चांगला नव्हता. मी सांगायचो, तरी म्हणायची.

मग बेळूरच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना बंद पडला. मी घरी. त्या काळात इंदू मला म्हणायची, "आता एकदा घासून भागत नाही फिटर, भांडी दोनदा घासायला लागतात." आणि हसायची. मला हसू यायचं नाही. माणसाला रोज सकाळी डबा घेऊन जायची सवय असते. डबा नसला की हात कुठे ठेवायचे कळत नाही.

त्याच सुमारास तिचं कोपर दुखायला लागलं. दिवसाला शंभर वेळा हात उचलून मोजायचं, दुखणारच. मी म्हटलं, मी सोय करतो. फळीवर दोन पितळी खिळे ठोकून देतो. एक तिच्या कोपराच्या जागी, एक बोटाच्या टोकाशी. माळ खिळ्यापासून खिळ्यापर्यंत ताणायची, पुढे मूठ सोडायची, कापायची. हात उचलायला नको. ती एवढी खूश झाली की शेजारपाजारच्या सगळ्यांना फळी दाखवून आली. "आमच्या फिटरने केलं. कारखाना बंद झाला, फिटर नाही बंद झाला."

आता जे केलं ते सांगतो. दुसरा खिळा मी एक इंच अलीकडे ठोकला.

चुकून नाही. पट्टी लावून, पेन्सिलने खूण करून, चौदावर. शंभर मोळ विकले की शंभर इंच वाचणार, म्हणजे पाच-सहा मोळ फुकटचे, असा माझा हिशोब. कोण बघणार होतं? मूठ तर ती सोडणारच होती. घरात पैसा नव्हता आणि मला वाटलं, मी पण काहीतरी कमवतोय.

अठरा दिवस कोणी काही बोललं नाही. मग एक म्हातारी टीचर, निवृत्त झालेली, रोज एक मोळ न्यायची, आम्ही तिला टीचर अज्जी म्हणायचो, ती हळूच म्हणाली, "हूविनक्का, माली सण्ण आगेतल्ल?" फुलवाल्या अक्का, माळ लहान झालीय की काय? देवाच्या तसबिरीभोवती रोज पुरायची ती हल्ली खालून टेकत नव्हती.

इंदूने आपला हात फळीवर ठेवला. कोपर एका खिळ्याला. बोट दुसऱ्या खिळ्याच्या पुढे गेलं.

त्या दिवशी ती बसमधून उतरून फळी डोक्यावर घेऊन आली. मी दारात बिडी ओढत होतो. फळी माझ्यासमोर टाकली, खाली बसली, आणि हात फळीवर ठेवला.

"मोजा."

मी बिडी विझवली.

"तुम्ही फिटर आहात ना? मोजा."

"पंधरा आहे," मी म्हटलं.

"आणि खिळा?"

"चौदा."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो. एवढंच म्हणाली, "हात माझा आखूड आहे, हो. तुमची नियत कशाला आखूड झाली? इतकी वर्षं लोक दोनदा बघत होते. आता तिसऱ्यांदा बघतील, आणि त्यांचं बरोबर असेल."

मग म्हणाली, "खिळा तुम्ही ठोकलात, तुम्हीच काढा."

मी काढला. पुढे एक इंचावर परत ठोकला. जुन्या खिळ्याचं भोक फळीवर अजून आहे. मी म्हटलं, भोकात पुट्टी भरून देतो, दिसणार नाही. म्हणाली, "राहू दे. दिसू दे."

दुसऱ्या दिवसापासून तिने काय केलं? अठरा दिवस माप कमी दिलं होतं, म्हणून अठरा दिवस रोजच्या प्रत्येक गिऱ्हाईकाला दोन मुठी. आणि विचारलं तर सांगायची. मी शेजारी बसून ऐकायचो. "अव्वा, आमचं माप चुकलं होतं." मी रोज वाट बघायचो, आता ही सांगेल, नवऱ्याने केलं. एकदाही नाही. "आमचं" म्हणायची. मला वाटलं होतं गिऱ्हाईक तुटणार, लोक म्हणणार, बघा, शेवटी हेच. एखाद-दुसरं तुटलंही. पण टीचर अज्जी दुसऱ्या दिवशी आली, दोन मुठी बघितल्या, आणि एक मूठ स्वतःच्या हाताने परत टोपलीत टाकून गेली. पुढच्या आठवड्यात आपल्या गल्लीतल्या दोघी घेऊन आली.

आणि मला शिक्षा झाली ती शनिवारची. त्या शनिवारी तिने पहिल्यांदा दोन प्लेट गिरमिट सांगितलं. घरात पैसे नसताना. एक तिची, एक माझी. माझ्या प्लेटमध्ये रेघ नव्हती, कोणी शेव मोजत नव्हतं. मला ते गिळवलं नाही. पुढच्या शनिवारी एकच प्लेट आली तेव्हा मी त्या गाड्यावर उभं राहून रडलो. ती म्हणाली, "मिरची चावली वाटतं," आणि दोन्ही मिरच्या आपल्याकडे ओढल्या.

त्यानंतर फळी तिने कधी दुकानावर ठेवली नाही. रोज घरी न्यायची, रोज परत आणायची, आणि उचलायची मी. "फळीवर विश्वास आहे, फिटरवर ठेवायला वेळ लागेल," असं बसमध्ये लोकांसमोर सांगायची. मी बारा वर्षं फळी वाहिली. कमीपणा वाटला नाही. आमच्याकडच्या शहर बसला चिगरी म्हणतात, तिच्यात कोणी विचारलं की मी सांगायचो, "आमच्या दुकानाची आहे."

त्या दुकानावर आमची संगीता नर्स झाली. नोकरी लागल्यावर तिने आईच्या छत्रीला ती फोनने पैसे द्यायची पाटी लावली, आणि पैसे आले की मोठ्याने बोलणारा डबा. इंदूला तो डबा पटला नाही. "माझी कमाई सगळ्या रस्त्याला सांगतो मेला." तो बोलला की ही म्हणायची, "हौद हौद," म्हणजे हो हो, "कळलं, गप." पण एकदा बिघडला तेव्हा दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखं करत होती.

लोक आपल्या बायकोबद्दल सांगतात, तिने घर सांभाळलं, मुलं वाढवली. ते सगळ्याच करतात. माझी बायको पंधरा इंचांच्या हाताने अठरा इंच द्यायची. लॅमिंग्टन रोडवर जाऊन कोणालाही विचारा.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संगीता बेळगावहून पोचली होती. बायकांनी इंदूला आंघोळ घातली, तिची ती हिरवी साडी नेसवली. बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. कोणीतरी म्हणालं, केसांत माळायला गजरा आणा, सवाष्ण गेली आहे. पुतण्या चप्पल घालायला लागला.

मी म्हटलं, थांब. कुठे जायचं नाही.

मोरीजवळची मोगऱ्याची गुंडाळी आणली. पान सोडलं. रात्रीत कळ्या उमलल्या होत्या, सगळं घर वासाने भरलं. दाराआडची फळी आणून जमिनीवर ठेवली आणि तिच्याशेजारी बसलो. सगळे बघत होते. माळेचं टोक पहिल्या खिळ्याला लावलं, ताणत नेलं. जुनं भोक बोटाला लागलं. पुढे दुसऱ्या खिळ्यापर्यंत गेलो. एक मोळ.

मालकिणीला मूठ नसते. पण दुकान आता माझ्या हातात होतं.

खिळ्याच्या पुढे मी माझी मूठ ठेवली. माझी मूठ मोठी आहे, तिच्यापेक्षा इंचभर जास्त भरते. भरू दे. संगीताकडून कात्री घेतली, मुठीच्या पुढे कापलं, आणि तिच्या केसांत माळलं.