विषय क्रमांक चार : धुराडे

आमच्या शाळा समितीच्या अध्यक्षांइतका नियमाने चालणारा माणूस अख्ख्या तासगाव तालुक्यात झाला नाही, आणि देवा, पुन्हा होऊही नये! फौजेतून हवालदार होऊन परतले, नातवाचे पालक म्हणून समितीत शिरले आणि मी मुख्याध्यापक असून त्यांच्यापुढे रंगरूट झालो. इतर गावांत सभा म्हणजे वही घरोघर फिरवून सह्या घ्यायच्या. इथे तसं करायची सोय नव्हती, वही अध्यक्षांच्या कुलपात. कुणी "मंजूर, मंजूर" म्हणालं की यांचं बोट वर, "आधी सूचक कोन, अनुमोदक कोन, ते सांग रं गड्या!" एकदा सभेत कुत्रं शिरलं, तर हाकलण्याआधी ते निमंत्रितांच्या यादीत आहे का, हे त्यांनी मला बघायला लावलं. लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह झाला तरी म्हणायचे, "अनुमोदक आना." लोक पोट धरून हसत, मीही हसायचो.

शाळेची खिचडी त्यांच्या पत्नीच रांधायच्या. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो. स्वयंपाकाच्या खोलीला धुराडं नव्हतं, चुलीचा सगळा धूर काकूंच्या डोळ्यांत आणि छातीत. धुराड्याचा विषय मी सभेपुढे ठेवला. तो पुकारला की अध्यक्ष उठून व्हरांड्यात जायचे. "घरचा इशय हाय, मला बसता यायचं न्हाई." बेदाण्याच्या हंगामात माणसं जेमतेम कोरमपुरती जमायची. हे बाहेर गेले की एक कमी, विषय तहकूब. असं तीन सभांना झालं. काकू खोकत खोकत म्हणायच्या, "आवं गुरुजी, एकदा आतच बसा म्हना की ह्यास्नी." मी सांगून पाहिलं. त्यांनी नियम दाखवला आणि मी गप्प बसलो. अहो, एक पाइप आणि दोन पत्रे, माझ्या खिशातून झालं असतं! अजून जीव जळतो.

पावसाळ्यात काकू सांगलीच्या दवाखान्यात गेल्या. चुलीपुढे किती वर्षं बसत होत्या, एवढंच डॉक्टरांनी विचारलं.

पुढच्या सभेला अध्यक्ष ठरल्या वेळी आले. काकूंच्या दुखवट्याला आम्ही उभे राहिलो, बसलो. मग मी विषय क्रमांक चार पुकारला आणि सवयीने त्यांच्याकडे पाहिलं. ते जागचे हलले नाहीत.

"वाचा गुरुजी," ते म्हणाले, "आता मला भाईर जायाचं कारन न्हाई."

कोरम पुरला होता. सूचक कोण, मी विचारलं, तर सगळे अध्यक्षांकडेच बघू लागले.

"माझं नाव लिवा."

अध्यक्षाने सूचक व्हायचं नसतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी नाव लिहिलं.